बंब वस्तीपर्यंत का पोहोचत नाही?

१४ एप्रिल ही तारीख आमच्या समाजाला कोणी सांगावी लागत नाही. परंतु याच तारखेला देशभर आणखी एक दिवस पाळला जातो, याची माहिती आमच्यापैकी फार थोड्यांना आहे. तो म्हणजे राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटात मृत्युमुखी पडले आणि गोदीत राबणाऱ्या मजुरांसह शेकडो माणसे गेली. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ही दुर्घटना घडली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते.

आता या दिवशी आमच्या सातारा-सांगलीत काय चित्र असते ते पाहा. सकाळी अग्निशमन केंद्राच्या आवारात जवान शहिदांना मानवंदना देतात आणि कुठे कुठे प्रात्यक्षिकही होते. त्याच वेळी शहरातल्या आणि गावोगावच्या वस्त्यांत मांडव उभा राहतो, रोषणाई होते, जनरेटर येतो, भोजनदानासाठी चार-पाच मोठ्या शेगड्या पेटतात. वर्षभरात वस्तीत वीज, गॅस आणि गर्दी यांचा एकत्र वापर सर्वात जास्त होतो तो याच दिवशी. म्हणजे आगीचा धोका सर्वात जास्त आमच्याकडे आणि आगीची माहिती असलेली माणसे त्यांच्या केंद्रात! एकाच तारखेला होणारे हे दोन कार्यक्रम आजवर एकत्र का आले नाहीत?

हा प्रश्न आम्हाला सुचला त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वस्तीत एप्रिलच्या दुपारी चार घरे जळाली. पुरुष कामावर गेलेले, घरी म्हाताऱ्या बायका आणि मुले. फोन झाला, बंबही आला. परंतु तो वस्तीच्या तोंडाशीच थांबला. वाटेत स्वागत कमान होती. ती आमच्याच कार्यकर्त्यांनी मोठ्या हौसेने उभी केली होती आणि बंब खालून जाईल एवढी तिची उंची नव्हती. कमानीच्या दोऱ्या सोडेपर्यंत चौथे घर पेटले. माणूस दगावला नाही एवढेच समाधान. त्या दिवशी आम्ही कोणाकडे बोट दाखवणार होतो?

नंतर ती कुटुंबे आमच्याकडे आली ती नुकसानभरपाईसाठी नव्हे. ती कागदांसाठी आली. पत्र्याच्या पेटीत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, तो जळाला. अनुसूचित जातीचा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे या पानाच्या वाचकाला माहीत आहे. शेत नसलेल्या, घर नावावर नसलेल्या माणसाकडे तो पुरावा म्हणजे असा एखादाच पिवळा पडलेला कागद असतो. तो जळाला की नातवाची फी-सवलत, शिष्यवृत्ती, नोकरी सगळे अडते. श्रीमंताच्या घराला आग लागली तर वस्तू जळतात. आमच्या घराला आग लागली तर पुढच्या पिढीचे हक्कही त्यात जातात.

कायदा काय म्हणतो?

आता कायद्याकडे वळू. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. त्यात नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत सातव्या क्रमांकावर 'अग्निशमन सेवा' आहे. महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम १९६५ नेही आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत, पण अग्निशमन नाही. 'बाजार आणि जत्रा' मात्र आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत आग विझवण्यास साह्य करणे हे ग्रामपंचायतीच्या कामांत नोंदलेले आहे. परंतु साह्य करायचे कोणाला? मुळात बंबच नसेल तर ग्रामपंचायत कोणाच्या मदतीला धावणार?

सातारा जिल्ह्यात ११ तालुके, सांगलीत १०. या २१ तालुक्यांत महानगरपालिका एकच, सांगली-मिरज-कुपवाड. बाकी नगरपालिका आणि नगरपंचायती. उरलेला सगळा मुलूख, पाटणच्या डोंगरातील वाड्यांपासून जतच्या माळावरच्या वस्त्यांपर्यंत, कायद्याने कोणत्याच बंबाच्या हद्दीत येत नाही. ग्रामीण भागात २० मिनिटांत बंब पोहोचावा असा केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे. कागदावर तो चांगला आहे. नकाशा समोर ठेवून पाहिले की त्याची किंमत कळते.

राज्याने महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ केला आणि तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. तारखेचा हा दुसरा योगायोग! या कायद्याने इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर जबाबदारी टाकली. आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. कायदा चांगलाच आहे. तरीही ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या शासकीय रुग्णालयात १० नवजात बालके गेली आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण गेले. शासनाच्याच इमारतींत ही गत, तर खाली दुकान आणि वर घर अशा बाजारपेठेतल्या जुन्या घरांचे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये विटा येथे अशाच इमारतीत आग लागून एकाच कुटुंबातील चौघांचा अंत झाला. खाली पेटले की वरच्यांना उतरायला वाट राहत नाही. आणि पत्र्याच्या खोपटाला तर हा कायदा इमारत म्हणून विचारतही नाही.

मांढरदेवचा धडा

आमच्याच जिल्ह्यातील सर्वात मोठा धडा २५ जानेवारी २००५ चा आहे. वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली. पाठोपाठ दुकानांना आगी लागल्या, गॅसचे सिलिंडर फुटले. जवळपास ३०० माणसे गेली. आम्ही त्या देवीला जात नाही, हा आमचा विचार झाला. परंतु मेलेली माणसे बहुतांशी आमच्यासारखीच कष्टकरी बहुजन होती. चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला.

जत्रा पंचायतीच्या विषयात, अग्निशमन नगरपालिकेच्या विषयात, बंदोबस्त पोलिसांकडे, वीज महामंडळाकडे, सिलिंडर वितरकाकडे, मंदिर विश्वस्तांकडे. प्रत्येकाचे खाते वेगळे आणि मरणारा माणूस मात्र एकच. डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि या सर्वांना एका टेबलावर बसवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाला मिळाला. यात्रेच्या आधी अशा बैठका आता होतात, हे मान्य करावे लागेल. परंतु वस्तीसाठी अशी बैठक कधी झाली?

मेहरबानी नको, करार हवा

वस्तुतः भागीदारी आमच्याकडे नाही असे नव्हे. गावात आग लागली की लोक दोन ठिकाणी फोन करतात, जवळच्या नगरपालिकेला आणि जवळच्या साखर कारखान्याला. कृष्णाकाठच्या गावांत कारखान्याचा बंब कितीतरी वेळा आधी पोहोचतो. हा बंब कारखान्याने बगॅसच्या ढिगासाठी आणि डिस्टिलरीसाठी ठेवलेला असतो; तो गावासाठी येतो ही माणुसकी आहे. औद्योगिक वसाहतीतील बंबांचेही तसेच. ग्राम सुरक्षा यंत्रणा ज्या गावांत सुरू आहे तिथे एका टोल फ्री क्रमांकावर फोन केला की गावातले सगळे मोबाईल एकदम वाजतात. पूरप्रवण जिल्ह्यांत 'आपदा मित्र' योजनेतून तरुणांना प्रशिक्षण दिले गेले आहे.

हे सर्व उपयोगी आहे. अडचण एवढीच की हे सर्व ओळखीवर चालते. ज्याच्या ओळखीचा संचालक, त्याच्या उसाला बंब लवकर. कारखान्याच्या हंगामात माळावर पाचटाच्या कोप्या करून राहणाऱ्या ऊसतोड मजुराची कोणाशी ओळख? पाचटाचे छप्पर, आत चूल, बाहेर खेळणारी मुले आणि आई-बाप पहाटेपासून फडात. ज्या कारखान्यासाठी तो राबतो त्याचा बंब त्याच्या कोपीसाठी आहे की नाही, हे कुठेच लिहिलेले नाही. ओळखीवर मिळते ती मेहरबानी असते आणि मेहरबानी मागण्याची सवय आमच्या समाजाने मोठ्या कष्टाने सोडली आहे.

इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने आगीपासून सुरक्षिततेचा प्रसार करणे हे अग्निशमन दलाचे कर्तव्यच ठरवले. तिथे जवान घरोघरी जाऊन धुराची सूचना देणारे यंत्र बसवून देतात आणि कोणत्या घरात एकटा म्हातारा राहतो हे आरोग्य खात्याकडून समजून घेतात. आग लागण्याआधी घरात जाणे हेही त्यांचे काम झाले. तरीही १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे गेली. त्या इमारतीत बहुतांश गरीब आणि स्थलांतरित कुटुंबे राहत होती. तिथल्या रहिवाशांच्या गटाने धोक्याचा इशारा आधीच लेखी दिला होता, पण कोणी ऐकला नाही. म्हणजे भागीदार म्हणून बोलावले तरी म्हणणे ऐकले जाते असे नाही. ही गोष्ट आम्ही इथेही ध्यानात ठेवली पाहिजे.

कोणी म्हणेल, दलाकडे माणसे कमी, गाड्या जुन्या, ते वस्तीत कसे येणार? खरे आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवेच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. तिच्यातून नवीन गाड्या येतील. पण गल्लीत न शिरणारी मोठी गाडी आली तर वस्तीला तिचा काय उपयोग? जिथे गल्ल्या अरुंद आहेत तिथे लहान गाडी वा मोटारसायकलवरचा पंप हवा, ही मागणी आम्ही करणार नाही तर कोण करणार? कोणी म्हणेल, वस्तीच अतिक्रमित आहे. आग विझवताना सातबारा तपासावा असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही आणि जगण्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २१ मध्ये तर नाहीच.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे लेखी निवेदन द्यायचे. कोणत्या गावासाठी कोणता बंब, नगरपालिकेचा, कारखान्याचा की औद्योगिक वसाहतीचा, हे तालुकावार ठरवून लेखी करार करावा, डिझेलचा खर्च कोण देणार हे त्यात असावे आणि ऊसतोड मजुरांचे तळ त्या यादीत असावेत. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. जयंती मंडळाने महावितरणची तात्पुरती जोडणी घ्यावी, आकडा टाकू नये. कमान बंब जाईल एवढी उंच आणि वाट मोकळी ठेवावी. स्वयंपाकाची जागा मांडवापासून दूर, जवळ वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या. आणि १४ एप्रिलला सकाळी अग्निशमन दलाच्या जवानांना वस्तीत सन्मानाने बोलवावे, ६६ शहिदांना आपणही अभिवादन करावे आणि पेटता सिलिंडर कसा बंद करायचा हे त्यांनी आपल्या महिला मंडळाला दाखवावे. दुपारी आग लागते तेव्हा घरात त्याच असतात. मग शिकवायचे कोणाला, याचा वेगळा विचार कशाला?

तिसरी गोष्ट कागदांची. जुन्या दाखल्यांच्या साक्षांकित प्रती विहारातील कपाटात आणि मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. आग ही आपत्ती मदत निधीच्या निकषांत येते, म्हणून घर जळाले तर तलाठ्याचा पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला घेतल्याशिवाय राख हलवू नये. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा विमा असतो, ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता नसतो. वितरकाला ताबडतोब लेखी कळवावे. आणि आग कोणी द्वेषाने लावली असेल, तर तो अपघात नव्हे. तिथे अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(२) लागते आणि राहत्या घराला आग लावल्यास जन्मठेपेची तरतूद आहे. अशी आग 'शॉर्टसर्किट' म्हणून नोंदवू देऊ नये.

त्या वस्तीतली चार घरे पुन्हा उभी राहिली. दोन कुटुंबांचे दाखले शाळेच्या जुन्या रजिस्टरातून शोधून मिळाले, दोघांचे अजून मिळालेले नाहीत. कमान आजही दरवर्षी उभी राहते, आता बंबाची उंची मोजून. एवढी सुधारणा करायला आम्हाला चार घरे जळावी लागली. इतर वस्त्यांनी आमच्यासारखी वाट पाहू नये, म्हणून हा लेखनप्रपंच. जयभीम!