मिरचीच्या गावी सायकलीवर

1342 साली मुहम्मद बिन तुघलकाचा दूत म्हणून इब्न बतूता चीनला निघाला. दिल्लीहून दौलताबाद आणि तिथून खंबायतेच्या बंदराकडे जाताना वाटेत त्याला नंदुरबार लागलं. या मोरोक्कन प्रवाशाने गावाबद्दल मोजकंच लिहून ठेवलं, पण त्यात जेवणाचा उल्लेख ठळक आहे. इथले मराठे भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जनावर मारणं त्यांना रुचत नाही, जेवायला बसण्याआधी ते आंघोळ करतात. कारागीर कसबी आहेत, वैद्य आणि ज्योतिषीही आहेत. चीनच्या बादशहाकडे नजराणे घेऊन निघालेल्या माणसाने नंदुरबारचं ताट असं नोंदवून ठेवलं.

आज चीनला जाणारा मराठी पर्यटक मुंबईहून विमानात बसतो. शिआनला पोचला की तिथल्या तटावर सायकल चालवतो, खाली उतरून मुस्लीम मोहल्ल्यात जेवतो आणि त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. नंदुरबार मात्र त्याच्या यादीत नसतं. नंदुरबारकरांच्या स्वतःच्या यादीतही ते क्वचितच असतं. पाहुणे आले की जिल्ह्यात ‘दाखवायचं’ म्हणून तोरणमाळ आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, एवढ्यावर गाडी थांबते. खुद्द गाव बघण्यासारखं आहे हे कुणाच्या मनातच येत नाही.

शिआनने नेमकं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथला तट मिंग काळातला, म्हणजे इब्न बतूता नंदुरबारात जेवला त्याच शतकातला. घेर सुमारे पावणेचौदा किलोमीटर, वरची वाट चांगली बारा-चौदा मीटर रुंद. वेशीवर चढायचं, सायकल भाड्याने घ्यायची, फेरी मारायची आणि सायकल परत करायची. मोटारी नाहीत, चढउतार जवळजवळ नाही. खाली उतरल्यावर ढोलमनोऱ्यामागच्या गल्ल्यांत मटणाच्या रश्शाचा वास येतो. ‘यांगरौ पाओमो’ हा तिथला नामी पदार्थ. गिऱ्हाइकापुढे कोरडी रोटी ठेवतात, ती त्याने आपल्या हाताने बारीक कुस्करायची आणि मग आचारी त्यावर रस्सा घालून देतो. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग ज्या शहरात परतला, ते जुनं चांगआन म्हणजे हेच शिआन. पण सायकलवाल्या पर्यटकाला इतिहासाचा हा धडा कुणी तोंडपाठ करायला लावत नाही. सपाट वाट, सहज मिळणारी सायकल आणि वाट संपेल तिथे जेवण, या तीन गोष्टींवर सगळी गंमत उभी आहे.

यातल्या दोन गोष्टी नंदुरबारकडे आहेत. तिसरी म्हणजे सायकल, आणि ती आणणं या तिन्हींत सगळ्यात स्वस्त आहे.

जुनं नंदुरबार सायकलीच्या मापाचं गाव आहे. रेल्वे स्टेशनवरून निघालेला माणूस पायडल मारत माणिक चौकात पोचतो तेव्हा त्याला धापही लागलेली नसते. 9 सप्टेंबर 1942 रोजी इथेच तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता तेव्हा सोळाव्या वर्षात होता. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. चौकातलं स्मारक मोटारीतून जाताना काचेतून दिसतं न दिसतं तोच मागे पडतं. सायकलवाला उतरतो, सायकल स्टँडला लावतो आणि पाचही नावं वाचतो. पुढे जळका बाजार, मंगळ बाजार, लाकडी कामाच्या जुन्या घरांच्या गल्ल्या. इथे चारचाकी घातली तर वाहनचालकही वैतागतो आणि दुकानदारही.

गावाबाहेर पडलं की हिवाळ्यात नंदुरबारचा रंगच बदलतो. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे लिलाव होतात आणि व्यापारी ती मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवतात. त्याला इथे पथारी म्हणतात. एकरच्या एकर जमीन लाल झालेली असते. जवळ गेलं की कळतं, तो लाल एकसारखा नाही. काल पसरलेली मिरची ओलसर, गुबगुबीत आणि चकचकीत असते, आठवड्याभरापूर्वीची सुरकुतून गडद झालेली असते आणि हलवली की आतलं बी खुळखुळतं. तोंडाला ओढण्या-पंचे बांधलेल्या बाया ओळीने बसून देठ खुडत असतात. वाऱ्याची झुळूक आली की सायकलवाल्याला ठसका लागतो आणि खुडणाऱ्या बाया हसतात. अवकाळीची एखादी सर आली तर हीच पथारी भिजते, मिरचीला काळे डाग पडतात आणि व्यापाऱ्याचं लाखांचं नुकसान होतं. नंदुरबारमध्ये हे अधूनमधून घडतंच.

गंमत म्हणजे इब्न बतूताच्या ताटात मिरची नव्हती. ती अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर भारतात आली, त्याच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे आज ज्याला आपण अस्सल खानदेशी चव म्हणतो, त्या ठेच्यातल्या दोन्ही मुख्य वस्तू त्या काळी इथे कुणी पाहिल्याही नव्हत्या. शिआनमध्येही तेच झालं. तिथल्या रुंद नूडल्सवर मिरचीपूड घालून वरून कडकडीत तेल ओततात, पण मिरची तिथेही पाहुणीच. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांनी या पाहुणीला घरची करून टाकलं. अशी गोष्ट शिआनच्या गल्लीत कळली तर पर्यटक ती कौतुकाने सांगत सुटतो. नंदुरबारात ती सांगायला कुणी नाही.

ताटात आज काय असतं? कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून, मीठ घालून थापलेली. वर कच्चं तेल, बाजूला ठेचा आणि फोडलेला कांदा. काट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. सणावाराला उपड्या खापरावरची, रुमालाएवढी पुरणपोळी. आणि ढाब्यावर शेवभाजी. जाणता ढाबेवाला शेव आधीपासून रश्शात शिजत ठेवत नाही, वाढायच्या वेळी घालतो, म्हणजे ती लगदा न होता अर्धी मऊ आणि अर्धी कुरकुरीत राहते. गावातल्या गुजराती घरांमुळे सकाळी फाफडा-जिलेबीही मिळते. वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवून आलेला माणूस हे सगळं ज्या भुकेने खातो, ती भूक एसी गाडीतून उतरणाऱ्याला लागत नाही. आणि सायकलवाला हॉटेलात नाही, टपरीवर थांबतो. त्याचा खर्च लहान असतो, पण दहा ठिकाणी होतो.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला नवापूर आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए इथे थांबला होता. इथला तांदूळ साध्या तांदळाहून बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीच्या वासाचा, असं त्याने लिहिलं. हिंदुस्थानातले उमराव हाच खातात आणि इराणात कुणाला खूश करायचं तर याचं एक पोतं भेट न्यावं, हेही त्याने नोंदवलं. नवापूरच्या तूरडाळीला आज भौगोलिक मानांकन आहे. त्या जुन्या तांदळाचं नाव मात्र गावात कुणाच्या तोंडी नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, फलाटावरच्या एका बाकावर सीमारेषा रंगवलेली आहे आणि घोषणा चार भाषांत होतात. लोक त्या बाकावर बसून फोटो काढतात आणि पुढच्या गाडीने निघून जातात. स्टेशनाबाहेर सायकल मिळाली असती तर त्यातले काही रंगावली नदीच्या कडेने भाताच्या शेतांपर्यंत गेले असते.

तिसरी वाट प्रकाशा या गावाची. नंदुरबारहून पंचवीसेक किलोमीटरवर तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वर आणि संगमेश्वर ही देवळं, दक्षिण काशी अशी ख्याती. 1954-55 मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी इथलं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. वाटेत ऊस, कापूस, केळी, पपई. सायकलीसाठी हा मुलूख मोहाचा आहे, आणि इथेच खरी अडचण आहे. पर्यटनाचा हंगाम आणि उसाच्या गाळपाचा हंगाम एकच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना परावर्तक, आणि साइडपट्टी म्हणजे खड्डे आणि मुरूम. या रस्त्यावर आज पाहुण्याला सायकल देणं हा बेजबाबदारपणा होईल. म्हणून सुरुवात गावातूनच व्हायला हवी. प्रकाशाची वाट शेतरस्त्यांनी आणि पाटाच्या कडेने आखून झाली की मगच उघडावी.

‘नंदुरबारला येणार कोण?’ हा प्रश्न ठरलेला आहे. याचं उत्तर तापी खोऱ्याच्या रेल्वेलाइनवरच आहे. सुरत. तिथल्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून गेलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांची तिसरी पिढी अहिराणी समजते पण बोलत नाही, आणि आजीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीबद्दल ऐकून असते. त्यांना गाडी बदलायची गरज नाही, सकाळी बसलं की दुपारच्या जेवणाला नंदुरबार. खाण्यासाठी वाट वाकडी करणं सुरतेला नवीन नाही.

यासाठी मोठा प्रकल्प नको. पुण्याचा अनुभव समोर आहे. 2017-18 मध्ये तिथे ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलींची धूम होती, चिनी कंपन्याही आल्या होत्या. काही महिन्यांत सायकली मोडल्या, फुटपाथांवर आडव्या पडल्या आणि कंपन्यांनी गाशा गुंडाळला. नंदुरबारला ॲप नको. एक काळ असा होता की गावोगावी तासावर सायकल देणारं दुकान असे, वहीत नाव आणि वेळ लिहिली की झालं. स्टेशनजवळच्या एखाद्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे नगरपालिकेने वीस चांगल्या सायकली ठेवल्या, चौकांत दिशा दाखवणारे फलक लावले आणि एका पानाचा नकाशा छापला, तर पहिला हंगाम निभतो. सायकल ही गरिबांची सवारी, ती पर्यटकाला काय द्यायची, असंही कुणी म्हणेल. पण त्या सवारीचे खरे जाणकार इथेच आहेत. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आहेत. तालुक्यातल्या रस्त्यांचे खड्डे आणि कुत्री कुठे आहेत हे या मुलींइतकं कुणाला ठाऊक नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यातल्या महाविद्यालयात गेलेल्या मुलींनी मानधनावर वाटाड्याचं काम केलं तर त्याहून चांगला मार्गदर्शक कुठून आणणार?

एक धोका मात्र आधीच ओळखायला हवा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातले दर दहांतले सुमारे सात लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची आणि कोकणी घरांतली भाकर, धडगावकडे घराच्या छपरावर वाळणाऱ्या कैरीच्या फोडी, मोहाची फुलं हे सगळं कॅमेऱ्याला आवडतं. पथारीवरच्या बायाही आवडतात. पण मिरचीच्या धुळीत दिवसभर बसणाऱ्या बाईच्या वाट्याला पाहुण्यांच्या फोटोंपलीकडे काही येत नसेल, तर तिने त्यांना का सहन करावं? पथारीवर थांबायचं तर तिथल्या बायांच्या बचत गटाकडून भाकरी-ठेचा विकत घ्यायचा, फोटो विचारून काढायचा, आणि आमचूर घ्यायचं तर शहरातल्या दुकानातून नव्हे, ज्यांनी वाळवलं त्यांच्याकडून, हे नियम पहिल्या दिवसापासून हवेत. नाहीतर सायकलफेरी म्हणजे हळू चालणारी सफारी होईल.

उन्हाचा विचारही टाळता येणार नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सायकल दुकानातच राहिलेली बरी. मोसम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, आणि वेळ सकाळी सहा ते दहा. एवढ्या वेळात स्टेशन, माणिक चौक, बाजार समिती आणि पथारी अशी फेरी आरामात होते.

मिरचीची आवक दिवाळीच्या सुमाराला वाढू लागते. त्याआधी नगरपालिका, बाजार समिती आणि रेल्वेच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. सायकली स्टेशनाच्या कुठल्या बाजूला उभ्या राहतील, कुठल्या पथारीचा मालक पाहुणे येऊ द्यायला राजी आहे, आणि पंधरा भाकऱ्या जास्तीच्या थापायला कोणता बचत गट तयार आहे. सारंगखेड्याच्या महोत्सवात मांडवावर जेवढा खर्च होतो, त्याचा लहानसा हिस्साही याला पुरेल.