गंजिफा, तीन पत्ती आणि निर्वाणाची रात्र

दिवाळीत वागळे इस्टेटमधील गाळ्यांची शटरे खाली येतात, वहीपूजन होते आणि काही घरांत पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. ‘शकुनाचे दोन डाव’ असे त्याचे गोड नाव. हा शकुन आला कोठून, याची चौकशी क्वचितच होते.

हिंदुस्थानातील जुने पत्ते म्हणजे गंजिफा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. हा मोगली खेळ दक्षिणेत उतरला आणि सावंतवाडीत दशावतारी झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा अंकपत्ते, असे एकूण १२० गोल पत्ते. चिंचोक्याची खळ, वर रंग आणि लाखेचे रोगण, सारे चिताऱ्यांच्या हातचे. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाने आरंभ, रात्री मांडला तर कृष्णाच्या. निम्म्या रंगांत अंकांचा मान उलटा, आणि हुकूम नाहीच. त्यामुळे कोणते पत्ते पडून गेले याची आठवण ठेवील तोच जिंकतो. स्मरणाचा असा व्यायाम व्यापाऱ्याला तरी परका वाटू नये. छापील पत्ते स्वस्त झाले तशी ही कला मागे पडली. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच तिला पुन्हा उभे केले.

म्हणजे दोष पत्त्यांचा नव्हे, पणाचा. सप्त व्यसनांत द्यूताला पहिले स्थान आहे, मद्यालाही नाही. जैन कथेतील नल धाकट्या कुबराशी द्यूत खेळतो आणि राज्य हरून दवदंतीसह वनाची वाट धरतो. भावाभावांतच खेळला म्हणून तो पण काही सौम्य ठरला नाही. ‘घरच्या घरी तर खेळतो’ म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा वाचावी. कायद्यानेही भेद केला आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, आणि केवळ नशिबाच्या खेळाचे उदाहरण म्हणून तीन पत्त्यांच्या डावाकडेच बोट दाखविले. पुढे रमी मोबाइलवर आली, भांडवल खात्यातून परस्पर जाऊ लागले. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली.

घरातला डाव मात्र संसदेच्या नजरेआड राहतो. तो मांडला जातो नेमका आश्विन अमावास्येला, ज्या रात्री भगवान महावीरांचे पावापुरीत निर्वाण झाले. पहाटे निर्वाण लाडू चढवायला निघणारी मुले, मध्यरात्री त्याच ओसरीवर वडिलांना नोटा मोजताना पाहतात.