गव्हाच्या अभावीं

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं सत्यनारायणाची पूजा झाली. कथा आम्हीच वाचली. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून घरचें पौरोहित्य आमच्याकडेच आलें आहे. आरती झाली, प्रसादाचे द्रोण फिरूं लागले, आणि आमची आठ वर्षांची नात हात पाठीमागें घेऊन खांबाशीं उभी राहिली. प्रसाद रव्याचा, रवा गव्हाचा, आणि गहूं तिला वर्ज्य. कोणीतरी तिच्या हातावर केळ्याचा तुकडा ठेवला. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तिनें हळूच विचारलें, "आजोबा, त्या राजानें प्रसाद टाकला म्हणून त्याचें सगळें गेलें ना? मग माझें काय होईल?"

पस्तीस वर्षें आम्हीं वर्गांत मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. या प्रश्नाला तात्काळ उत्तर सुचलें नाहीं. "देव तुझ्यावर कसा रागावेल?" एवढेंच म्हणून आम्हीं तिचें पांघरूण सारखें केलें.

हा विकार सर्वच वाचकांस ठाऊक असेल असें नाहीं, म्हणून दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. पोट फुगणें, वारंवार जुलाब, अंगावर रक्त न धरणें आणि वय वाढूनही उंची न वाढणें, अशा तक्रारी घेऊन या मुलीला आम्हीं दोन वर्षें फिरविलें. शेवटीं फाल्गुनांत रक्ताची तपासणी झाली, आंतड्याच्या अस्तराचा सूक्ष्म तुकडा तपासला गेला, आणि सीलिअ‍ॅक असें निदान झालें. गहूं, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. या विकारांत त्या प्रथिनाच्या निमित्तानें शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आंतड्यावर उठते, आणि खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. विलेम डिके या डच बालवैद्यानें या रोगाचा गव्हाशीं संबंध जोडला. १९४४-४५ च्या दुष्काळी हिंवाळ्यांत हॉलंडांत पाव मिळेनासा झाला, तेव्हां हीं आजारी मुलें उलट सुधारलीं. त्याचा प्रबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर आजवर उपाय तोच राहिला आहे: तीं धान्यें जन्मभर सोडणें. एक सूचना मात्र येथेंच करून ठेवतों. संशय आला म्हणून कोणी आपल्या बुद्धीनें आधींच गहूं बंद करूं नये. तसें केल्यास तपासणींत विकार लपतो. आधीं तपासणी, मग पथ्य.

तांदळांत हें प्रथिन नाहीं. भात चिकट होतो, त्या अर्थीं त्यांतही तें असावें, असा आमच्या एका स्नेह्यांचा तर्क होता. तो चुकीचा आहे. भाताचा चिकटपणा पिष्टाचा, कणकेचा चिवटपणा प्रथिनाचा. हा भेद आम्हांलाही प्रथम कळला नव्हता, आणि आमची सारी फजिती त्यांतूनच झाली.

व्याकरणांत एका पदाच्या जागीं दुसरें येतें त्याला आदेश म्हणतात, आणि पाणिनीच्या मतें आदेश हा बहुधा मूळ पदासारखाच वागतो. आम्हांला वाटलें, गव्हाच्या जागीं तांदूळ आदेश म्हणून आणला कीं काम झालें. थोरल्या सुनेनें तांदळाची पिठी कणकेसारखी गार पाण्यांत भिजविली. पोळी लाटतांना कडांनीं फाटली आणि तव्यावर टाकतांना तिचे तीन तुकडे झाले. नंतर तिनें मोठ्या हौसेनें ओव्हनमध्यें केक भाजला. वरून सुरेख दिसला. सुरी लावतांच वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळला. नात हंसली. सून हंसली नाहीं. "मामंजी, दोन तास गेले हो," एवढें बोलून ती आंत गेली. पाणिनीनेंही अपवाद सांगितला आहे: जेथें कार्य प्रत्यक्ष वर्णावरच अवलंबून असतें, तेथें आदेशाला मूळ पदाचे धर्म येत नाहींत. तो अपवाद आम्ही विसरलों होतों.

सुटका झाली ती आमच्या कुटुंबाच्या माहेरामुळें. आमचें घराणें वाईकडचें, गव्हाज्वारीवर वाढलेलें. त्यांचें माहेर रत्नागिरीजवळचें. "गार पाण्यांत तांदूळ कधीं ऐकतो का?" असें म्हणून त्यांनीं परात आपल्याकडे ओढली. कृति अशी. एक वाटी पाण्याला चवीपुरतें मीठ घालून खळखळून उकळी आणावी, त्यांत एक वाटी पिठी घालून उलथन्याच्या दांड्यानें ढवळावें, आंच बंद करून पांच मिनिटें झांकण ठेवावें. मग हाताला सोसेल इतकी गरम असतांनाच, पाण्याचा हात लावून, भरपूर मळावी. हीच उकड. सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास तांदळाचें पिष्ट पाणी पिऊन फुगतें आणि त्याचें खळीसारखें होतें. गव्हांत जें काम प्रथिन करतें तें येथें ही खळ करते. उकडीची भाकरी थापली तरी फाटत नाहीं आणि तव्यावर टम्म फुगते. मोदकालाही हेंच प्रमाण. पिठी मात्र आंबेमोहोरासारख्या चिकट तांदळाची व वस्त्रगाळ, आणि पाण्यांत चमचाभर तूप. नव्या तांदळाच्या पिठीला पाणी कमी लागतें, जुन्याच्या पिठीला अधिक. हें वाटीवर ठरत नाहीं, हातावर ठरतें.

पाणी उकळत असतांना आम्हांला पुरोडाश आठवला. दर्शपूर्णमास इष्टींत व्रीहि किंवा जव कांडून, दगडावर वाटून, त्या पिठांत तापविलेलें पाणी मिसळीत. त्या गोळ्याला कांसवाच्या पाठीसारखा आकार देऊन तो मातीच्या कपालांवर, निखाऱ्यांत भाजीत. अग्नीचा पुरोडाश आठ कपालांचा. म्हणजे तांदळाचें पीठ गरम पाण्यांत मळून भाजणें ही या देशांत अगदीं श्रौतकाळची विद्या आहे, आणि आम्ही तिचें वर्णन पाठ असूनही कणकेच्या परातींत चुकत होतों. (जवाचा पुरोडाश मात्र आमच्या नातीला चालला नसता.)

केकचा प्रश्नही कोंकणानेंच सोडविला. धोंडस हा पदार्थ घाटावर फारसा कोणाला माहीत नाहीं. तवसें, म्हणजे मोठी जून काकडी, किसून पाण्यासकट दोन वाट्या घ्यावी. कडू नाहीं ना हें चाखून पाहावें. तांदळाचा रवा दोन वाट्या, तुपावर बदामी भाजलेला. कीस व सव्वा वाटी गूळ एकत्र उकळून त्यांत रवा, चिमूटभर मीठ, ओलें खोबरें, वेलची घालून घट्ट होईतों शिजवावें, आणि तूप लावलेल्या जाड पातेल्यांत हळदीचें पान घालून त्यावर थापावें. पूर्वीं खालीं मंद विस्तव व झांकणावर निखारे ठेवीत; ओव्हन असेल तर १८० अंशांवर पाऊण तास. पुरता निवाल्याशिवाय कापूं नये. येथें ओलाव्याचें आणि बांधण्याचें काम काकडी व गूळ करतात. पावासारखा फुगीर जिन्नस हवा असेल तर दोन वाट्या पिठीला दोन मोठे चमचे इसबगोलाचा भुसा पाण्यांत भिजवून घालावा. त्याचा बुळबुळीतपणा पिठाला धरून ठेवतो. सुनेचा दुसरा केक यामुळेंच उभा राहिला. आंबोळी, घावनें, अनारसे यांविषयीं लिहीत नाहीं. त्यांना कधीं गहूं लागलाच नाहीं, आणि आमच्या वाचकभगिनींना त्या कृति आम्हीं सांगाव्या हें हास्यास्पद होईल. चकलीच्या भाजणींत सहसा गहूं नसतो, थालिपिठाच्या भाजणींत पुष्कळदां असतो. एवढें लक्षांत ठेवावें.

इतकें करूनही ज्येष्ठांत मुलीचें पोट पुन्हां बिघडलें. घरांत गव्हाचा कण तिच्या ताटांत जात नव्हता, अशी आमची समजूत. कुटुंबाला स्वतःच्या हातांविषयीं शंका येऊं लागली. त्यांनीं दोन दिवस नीट जेवण केलें नाहीं. अखेर धाकट्या चिरंजीवांनीं फडताळांतला एकेक डबा खालीं काढून वेष्टनावरील बारीक अक्षर वाचलें, तेव्हां चोर सांपडला तो हिंगाच्या डबींत. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारी पुडींत डिंक व पीठ मिसळतात, आणि तें पीठ पुष्कळदां गव्हाचें असतें. आमच्या आमटीला रोज तीच फोडणी होती. दुसरा चोर गिरणींत. गव्हावर दळलेल्या जात्यांत आमची पिठी पडे. "तांदळावर दळा" म्हणून सांगितलें तरी गर्दीच्या वेळीं ऐकतो कोण? आतां निव्वळ तांदळासाठीं लहानशी घरघंटी घेतली आहे, आणि तांदूळ धुऊन, सावलींत वाळवून घरींच दळतों. पोळपाट व लाटणें निराळें. आपल्याकडे अन्नावर ग्लूटेनमुक्त असें छापावयाचें तर किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावें असा नियम आहे. या आंकड्यावरून किती थोड्यानें बिघडतें त्याची कल्पना यावी. सोंवळ्याचे जे नियम आमच्या आईच्या काळीं आम्हांला जाचक वाटत, ते आतां आम्ही बिनतक्रार पाळतों. कारण निराळें आहे, इतकेंच.

आतां प्रसादाविषयीं. नातीच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं पोथी पुन्हां सोडली, आणि पहिल्याच अध्यायांत नैवेद्याच्या सामग्रीपाशीं थबकलों. केळीं, तूप, दूध, गव्हाचें पीठ. आणि लगेच पुढें, गहूं नसल्यास शाळीचें पीठ, साखर नसल्यास गूळ. शाळी म्हणजे तांदूळ, हें आम्हीं किती विद्यार्थ्यांना शिकविलें असेल! वर्षानुवर्षें हे शब्द आम्ही घडाघडा म्हणत आलों आणि खालीं मान घालून बसलेल्या माणसांना गव्हाचाच प्रसाद वाटीत आलों. नातीला जवळ बसवून तें स्थळ बोट ठेवून दाखविलें. तिनें अक्षर लावून वाचलें आणि विचारलें, "मग आपण आधींच का नाहीं केला?" याही प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

कार्तिकी पौर्णिमेला पुन्हां पूजा केली. थोरल्या बहिणीनें आमच्या, नाराजी दाखविली. तांदळाचा का कुठें शिरा असतो, असें तिचें म्हणणें. पोथी दाखविल्यावर ती म्हणाली, "तुला वाचतां येतें म्हणून काय झालें," पण जेवावयास थांबली. सव्वा वाटी रवा तितक्याच तुपांत मंद आंचेवर चांगला पाव तास भाजला, कारण तांदळाचा रवा गव्हाच्या रव्याहून सावकाश भाजतो. साडेतीन वाट्या उकळतें दूध घालून झांकण ठेवलें, कण शिजल्यावर सव्वा वाटी साखर व केळें घातलें. साखर आधीं घातली तर कण कच्चा राहतो. द्रोण वाटण्याचें काम नातीनें मागून घेतलें. सर्वांना देऊन झाल्यावर तिनें आपला घेतला, खांबाशीं उभें राहूनच खाल्ला, आणि पातेल्यांत किती उरला आहे तें वांकून पाहिलें.

शिरा किंचित् गोळा झाला होता. पुढच्या वेळीं दूध चार वाट्या घालावयाचें ठरलें आहे.