झुरेक चालतं, मग मोह का नाही?

पोलंडमध्ये ईस्टरच्या सुमाराला कुणाकडे जेवायला गेलात तर झुरेक नावाचं सूप हमखास मिळतं. राय नावाच्या धान्याचं पीठ पाण्यात भिजवून काही दिवस आंबू द्यायचं आणि त्या आंबट पाण्याचं सूप करायचं. वरून उकडलेलं अंडं, सॉसेज. म्हणजे सॉसेज सोडलं तर आपली आंबीलच की! माझा मामेभाऊ नोकरीसाठी तिकडे व्रोत्सवाफला असतो. झुरेकचे आणि पिएरोगीचे (जंगलातली फळं भरून उकडलेल्या करंज्या समजा) त्याचे फोटो आले की घरात सगळे कौतुकाने बघतात.

हाच भाऊ गेल्या मार्चमध्ये मार्कंड्याला घरी आला. मीही गेलो होतो. पाहुण्यांसाठी बेत काय? पनीर! वैनगंगेच्या काठी, धानाच्या मुलखात, ऐन वसंतात, पनीर.

पनीरशी माझं काही वाकडं नाही. पण दुसऱ्याच्या जंगलातलं फळ म्हणजे 'डेलिकसी' आणि आपल्या जंगलातलं फूल म्हणजे गरिबांचं खाणं, हा हिशोब मला पटत नाही.

त्या दिवसांत आम्ही दोघं पहाटे सायकली काढून चामोर्शीमार्गे घोटच्या रस्त्याला जायचो. हा प्रदेश बघायचा तर सायकलवरूनच. दहा वाजले की ऊन चटके देतं, म्हणून निघायचं उजाडताच. पळस पेटलेला असतो तो गाडीतूनही दिसतो, पण मोहाचा वास काच बंद केली की संपला. झाडाखाली बाया-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचत असतात. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत उचलावी लागतात. मग ती वाळवायची. पुढे त्याच झाडाच्या टोळांचं तेल निघतं.

आता मोह म्हटलं की शहरात लोक डोळा मारतात. दारू! पण वाळलेली फुलं भाजून, तीळ-गूळ घालून लाडू होतात, शिजवून आटवली तर गोड राब होते. भावाने विचारल्यावर मामीने डब्यातून लाडू काढले आणि म्हणाली, "दारूचं नाव काहाले घेता बाबू, हे तं खायाची वस्तू आहे." मग पाहुण्यांना आधी का नाही दिले? "तुमाले आवडते का नाही म्हून." असो.

कोणी म्हणेल, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथे मोहाचं कौतुक कशाला? ती दारूबंदी लोकांच्या, त्यातही बायांच्या लढ्यातून आली आहे आणि मला तिचा आदरच आहे. पण दारूचा बंदोबस्त करणं वेगळं आणि फुलाला गुन्हेगार ठरवणं वेगळं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून मोहफुलांवर निर्बंध होते. ते राज्य सरकारने २०२१ साली शिथिल केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावांचा हक्क मान्य केला, आणि याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून दाखवला. कायदा बदलला, ताट बदललं नाही.

आणि प्रश्न नुसत्या चवीचा नाही हो. फुलाला गिऱ्हाईक फक्त दारूवाला असेल तर भावही तोच ठरवणार. खाण्यासाठी मागणी आली तर स्वच्छ फुलाला किंमत येईल. मग झाडाखाली जाळी बांधून फुलं वरच्यावर झेलणं परवडेल. आज वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्यातून वणवे लागतात, तेही कमी होतील.

म्हणून मंडळी, महाशिवरात्रीच्या यात्रेला मार्कंड्याला याल तेव्हा देवळांवरची शिल्पं जरूर बघा. पण महिनाभर उशिराने, मोह गळायला लागल्यावर आलात तर जास्त बरं. नातेवाईक पनीर आणायला निघाले की त्यांना थांबवा आणि घरात काय आहे ते विचारा. परदेशात आपण विचारतोच ना?