दक्षिण टिरोलकडून आपण काय शिकायचं?

इटलीच्या उत्तरेला दक्षिण टिरोल नावाचा प्रांत आहे. तिथले बहुतेक लोक जर्मन बोलतात. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग ऑस्ट्रियाकडून इटलीत गेला, लोकांना न विचारता. मुसोलिनीच्या राजवटीनं जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली. हे दुखणं आपल्याला समजावून सांगायला नको.

1946 साली करार झाला, पण इटलीनं तो नीट पाळला नाही. 1960 मध्ये ऑस्ट्रियानं प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांत नेला. त्या काळात बॉम्बस्फोटही झाले. तोडगा मात्र चर्चेतूनच निघाला आणि 1972 साली नवा स्वायत्तता कायदा आला. आज तिथं जर्मन शाळा आहेत, कोर्ट-कचेरीत जर्मन चालते, सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात मिळतात. ठरलेल्या 137 गोष्टी अमलात येईपर्यंत ऑस्ट्रियानं 'वाद मिटला' म्हटलं नाही. ते म्हटलं थेट 1992 ला!

आपला दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो चालू दे. पण 'आत्ता भाषेचे हक्क मागितले की दावा कमजोर होतो' हे मला पटत नाही. ऑस्ट्रियानं हक्क घेतले, हिशोबही ठेवला. 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाचे सरकारी नियम, नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचं धोरण आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्यासाठी लेखी अर्ज दिलाय?

1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळूच. 2 नोव्हेंबरला अर्ज घेऊन कचेरीत जाऊया.