भाडे घेता, मग जबाबदारीही घ्या

आखातात नोकरी करणाऱ्या आणि कोकणातल्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन मुंब्रा-कौसा, मिरा रोड किंवा पनवेलला एखादा फ्लॅट घेतलेला असतो. त्याच्या भाड्यावर गावी अम्मीची औषधे आणि मुलांची फी भागते. भाडे ही हलाल कमाई आहे. पण तिच्याबरोबर येणाऱ्या जबाबदाऱ्या अनेक जण विसरतात.

पहिली जबाबदारी कागदाची. “करार अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?” हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेणे हे घरमालकाचे काम. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.

खर्च फार नाही. भाडे १०,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल, तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास येते. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या आधारे ही नोंदणी ऑनलाइन होते. मालक परदेशात असेल, तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र घरच्या विश्वासू माणसाच्या नावे पाठवावे. ते इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्यावी.

दुसरी गोष्ट ‘हेवी डिपॉझिट’ची. काही लाख रुपये एकरकमी घ्यायचे आणि भाडे शून्य किंवा नाममात्र ठेवायचे, ही पद्धत आपल्या वस्त्यांत रुळली आहे. मराठीत डिपॉझिटला अनामत म्हणतात. हा शब्द ‘अमानत’वरूनच आला. पण ती रक्कम मालक खर्च करतो, तेव्हा ती कर्ज ठरते, आणि कर्जाच्या बदल्यात फुकट घर वापरायला देणे म्हणजे व्याजाचाच प्रकार, असे अनेक उलमा सांगतात. व्यवहारातही ही पद्धत अंगाशी येते. मुदत संपते तेव्हा मालकाकडे परत द्यायला पैसे नसतात आणि भाडेकरू घर सोडत नाही. रास्त भाडे ठरवावे आणि डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकेच ठेवावे.

तिसरी जबाबदारी सर्वांत मोठी, माणसांच्या जिवाची. नावामुळे इतरत्र घर नाकारली गेलेली कुटुंबे आपल्या वस्तीत येतात. दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून ती गळके छत आणि उघड्या वायरीही सहन करतात. त्यांच्या गप्प बसण्याला संमती समजू नये. फिकहमध्ये भाड्याच्या व्यवहाराला ‘इजारा’ म्हणतात. त्यात वस्तू वापरण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य मानले आहे.

किल्ली देण्यापूर्वी घर स्वतः पाहावे. गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि बंद बाथरूममध्ये माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. गॅसची नळी आयएसआय शिक्क्याची असावी आणि मुदत संपण्याआधी बदलावी. वायरमनकडून अर्थिंग तपासून शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप असावी, म्हणजे आग लागल्यास बाहेर पडता येते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल, तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागावे.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे दगावली. बांधकाम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. परवानगी नसलेल्या इमारतीतली खोली भाड्याने देताना हा आकडा आठवावा.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा हुकूम सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. नोंदणीकृत करार त्याच वाटेवरचा आहे. आणि भाडेकरूच्या मुलांना आपल्या घरात सुखरूप झोप लागावी, याची काळजी घेणे हा त्या भाड्यावरचा त्यांचा हक्क आहे.