भाडेकरू, कुलूप आणि वकील

आपल्या पानावर पाककृती येतात, सासू-सुनांचे प्रश्न येतात, केस गळण्यावरचे उपायही येतात. भाडेकरू मात्र फारसा येत नाही. आणि आमच्या अलिबागसारख्या गावात तर कितीतरी बायकांचं महिन्याचं गणित भाड्यावरच बसलेलं असतं. जिल्ह्याचं ठिकाण आहे हे. कलेक्टर कचेरी, जिल्हा न्यायालय, सिव्हिल हॉस्पिटल, थळचा आरसीएफ कारखाना, त्यामुळे बदलीवर येणारी माणसं कायमची. नवरा गेला, मुलं पनवेल-ठाण्याला स्थायिक झाली की मागे राहिलेली बाई पुढच्या दोन खोल्या भाड्याने देते. औषधं, लाईटबिल, घरपट्टी सगळं त्यातूनच. त्या भाड्याला आपण ‘वरखर्चाचे पैसे’ म्हणतो. पण ते थांबले की कळतं, वरखर्च नव्हे, तेच जेवण होतं.

महिला मंडळाच्या कामामुळे अशा तक्रारी माझ्या कानावर बऱ्याच येतात. बाजारपेठेमागच्या आळीतल्या एक काकू गेल्या वर्षी आल्या त्या पदराने डोळे पुसतच. भाडं पाच हजार, डिपॉझिट वीस हजार. अकरा महिन्यांचा करार संपला, पण माणूस हलेना. सात महिने भाडं नाही. विचारायला गेलं की म्हणायचा, “काकू, तुम्हीच तर राहा म्हणालात!” वर टाकीतलं पाणी दिवसभर सोडून ठेवायचा. पुतण्याने सल्ला दिला, लाईट तोडा. शेजाऱ्यांनी सांगितलं, तो गावाला गेला की कुलूप घाला. आणि एक ‘भाऊ’ स्वतःहून घरी येऊन गेले. आठ दिवसांत खोली मोकळी करून देतो, पंचवीस हजार द्या.

या तीनही सल्ल्यांबद्दल मला स्पष्टच बोलायचं आहे.

भाडेकरूचं पाणी, वीज तोडणं हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. भाडं थकलेलं असलं तरी! कुलूप घातलंत तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातलं कलम ६ त्याच्या मदतीला येतं. कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, आणि तिथे घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्नच येत नाही. म्हणजे काल तक्रार आपली होती, आज आरोपी आपण. आणि ‘भाऊं’चं म्हणाल तर, भाडेकरूला काढायला आलेला माणूस उद्या स्वतःच त्या खोलीत बसला तर त्याला कोण काढणार? एकट्या बाईच्या घरात अशी माणसं शिरू देऊ नयेत, बस.

आपल्याकडे भाडेकरूची एवढी धास्ती का, याला इतिहास आहे. जुना मुंबई भाडे कायदा १९४७ चा. त्यात भाडी १९४० च्या दरावर गोठलेली. मालकांनी मग ‘भाडेकरू’ म्हणायच्या ऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली. तर सरकारने कायद्यात बदल करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं त्यांना भाडेकरूचं संरक्षण देऊन टाकलं. त्या एका तारखेने कित्येक घरांत आजन्म पुरेल एवढी भीती घातली. “बारा वर्षं राहिला की घर त्याचं” हे आपल्या सासवा म्हणायच्या ते या भीतीतूनच. खरं तर भाडेकरू म्हणून आत आलेला माणूस नुसता बारा वर्षं राहिला म्हणून मालक होत नाही. पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद आता मनमानी झाल्याचं सांगितलं, आणि ३१ मार्च २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. सासूबाईंच्या काळचा कायदा गेला, भीती मात्र सुनेकडे आली, पितळेच्या डब्यासारखी.

नव्या कायद्यात आपल्या कामाचं बरंच आहे. राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली आणि माणूस गेला नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर आपलं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरतात. शिवाय मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई. पण हे सगळं कागदावर उभं आहे हं. कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर आपण ते खोटं ठरवत नाही. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. “अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला” हे महाराष्ट्रात चालत नाही. काकूंचा करार नेमका तसाच होता. शंभराचा स्टॅम्प, खाली नोटरीचा शिक्का, आणि काकूंना वाटत होतं शिक्का आहे म्हणजे झालं!

आता तर ही नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्यावर. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. एका साडीच्या किमतीत होणारं काम आपण ‘माणूस चांगला वाटतोय’ म्हणून सोडून देतो.

आणि जो लायसन्सवर नाही, खरोखरचा भाडेकरू आहे, त्याची गोष्ट आणखी वेगळी. भाडं थकलं म्हणून दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही त्याने नव्वद दिवसांत सगळी थकबाकी पंधरा टक्के व्याजासह कोर्टात भरली, तर त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. मला हे चुकीचं वाटत नाही. नोकरी गेलेला, आजारपणात अडकलेला भाडेकरूही आपल्याच गावात असतो, आणि सतत छळणाऱ्या घरमालकिणीही मी पाहिल्यात. भाड्याची पावती न देणं हाही गुन्हाच आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? शिवाय हा कायदा सरसकट सगळ्या गावांना लागू नाही. परिशिष्टांत दिलेल्या भागांनाच आहे. नगरपालिकेच्या हद्दीत एक नियम आणि पलीकडच्या वाडीतल्या घराला दुसरा, असं होऊ शकतं.

म्हणूनच म्हणते, इथे शेजारीण, पुतण्या, व्हॉट्सअॅप यांचं काम नाही. वकीलच हवा. “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात असा भाडेकरू नसावा. आपल्याला वकिलाची भीती वाटते ती फीची आणि तारखांची. तर ऐका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. गरीब असल्याचा दाखला नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. फोनवर विचारायचं तर १५१०० हा टोल फ्री नंबर आहे.

स्वतःच्या पैशाने वकील केलात तरी पहिल्याच दिवशी फी विचारा, पावती मागा. कोऱ्या कागदावर सही नको, मूळ कागद देऊन टाकायचा नाही, झेरॉक्स द्यायची. पुढची तारीख स्वतःच्या डायरीत लिहायची, कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशेब लिहितो तशी. छोट्या गावात आणखी एक अडचण असते. वकील भाडेकरूच्या ओळखीचा निघतो. सरळ विचारावं, त्यात संकोच कसला?

‘अलिबागसे आया है क्या’ म्हणून आम्हाला चिडवतात. त्यावर बंदी घाला म्हणून कुणीतरी मुंबई उच्च न्यायालयातही गेलं होतं, २०१९ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. त्या वाक्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण काकूंच्या त्या भाडेकरूने आम्हाला नेमकं तेच समजलं होतं, याचं वाटलं.

काकूंना प्राधिकरणातून वकीलबाई मिळाल्या. त्यांनी आधीच सांगितलं, करार नोंदवलेला नाही, दावा लावला तर लांबेल. त्यापेक्षा रीतसर नोटीस देऊ आणि प्रकरण दाव्याआधीच लोकअदालतीत ठेवू. लोकअदालतीत तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकुमनाम्याइतकीच पक्की, त्यावर अपील नाही. कोर्टाच्या शिक्क्याची नोटीस घरी आल्यावर टाकीचं पाणी आपोआप बंद व्हायला लागलं, हे काकूंनी मला हसत सांगितलं. तो आला, बसला, थोडी कुरकुर केली. थकबाकी पस्तीस हजार, त्यातून डिपॉझिटचे वीस वजा, उरलेले पंधरा तीन हप्त्यांत, आणि दोन महिन्यांत खोली मोकळी. शेवटचा हप्ता महिनाभर उशिरा आला, पण आला. पहिल्या वेळी काकू कोर्टात शिरताना माझा हात घट्ट धरून होत्या. तिसऱ्या वेळी एकट्याच गेल्या.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर जाताना पिशवीत एवढं घ्या: करार, घरपट्टीची पावती, घराचा उतारा, लाईटबिलं, भाडं बँकेत येत असेल तर पासबुक, त्याला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आणि पोस्टाच्या पोचपावत्या. पोचपावती हरवली असेल तर पुढचं पत्र पुन्हा पोचपावती मिळेल अशाच पद्धतीने टाका. आणि शक्यतो सकाळी जा, दुपारच्या सुट्टीआधी गर्दी कमी असते.